चंद्रविलास साबण आणि दादाची दाढी

महाड,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. सौ. निशिगंधा हिला महाडहून अनिलकाकाचे आणि काकीचे आशीर्वाद, आणि तुझ्या कुशीतल्या त्या नव्या मालकीणबाईंना वेगळे, जास्तीचे. जावईबापूंना नमस्कार. तुझ्या सासूबाई बाळंतपणासाठी मस्कतला येऊन राहिल्या आहेत, त्यांना आमचा विशेष नमस्कार सांग. परक्या मुलखात, तिथल्या उन्हाळ्यात त्या तुझी शेकशेगडी कशी करत असतील, ही काकीची रोजची काळजी आहे. (मी म्हटलं, तिथे शेगडी कशाला लागते, खिडकी उघडली की झालं. त्यानंतर दुपारच्या चहापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.) डिंकाचे लाडू पोचले का? बाळ झोपू देतं का? कंबर कशी आहे? पाण्यात हात घालू नकोस. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तू फोनवर मला विचारलं होतंस, ‘काका, बाबा शेवटी कसे होते?’ आणि मी ‘बरे होते’ म्हणून फोन काकीच्या हातात दिला. सगळी हयात एमआयडीसीत स्टोअरकीपर म्हणून गेली. कोणतं पिंप कधी आलं, कुठे ठेवलं, कोणी नेलं, हे विचारलं की मी समोरच्याला झोप येईपर्यंत सांगत असे. आणि सख्ख्या भावाबद्दल विचारलं तर माझ्याकडून दोन शब्द निघाले. ते मला तेव्हापासून टोचतं आहे. फोनवर पुन्हा प्रयत्न केला तर पुन्हा तेच दोन शब्द निघतील, म्हणून कागद घेऊन बसलो. आता अडचण अशी की दादाचं सांगायचं तर आधी माझ्या साबणांचं सांगावं लागतं, आणि माझ्या साबणांबद्दल तुझं मत काय आहे हे मला ठाऊक आहे. (तुझ्या लग्नात व्याह्यांना माझी ओळख करून देताना तू ‘आमच्या काकांकडे जगातल्या मेलेल्या लोकांच्या दाढीचे साबण आहेत’ असं म्हणाली होतीस. हे धादांत खोटं आहे. त्यातले बरेचसे साबण कोरे आहेत.)

तर साबण. महाडच्या बाजारपेठेत जुनी दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा एका दुकानाच्या मागच्या खोलीतून मी दाढीच्या साबणाचं एक खोकं उचलून आणलं, तिथून हा नाद लागला. लाकडी वाडगीतले गोल साबण, पत्र्याच्या डबीतले, कागदात गुंडाळलेल्या कांड्या, चंदनाचे, वाळ्याचे, लिंबाचे, आणि एक तर असा की त्याला वास कसला आहे हे अजून कोणालाच कळलेलं नाही. माझा नियम सोपा होता: एकाच जातीचे दोन असले तर एक वापरायचा, एक ठेवायचा, एकच असला तर त्याला हात लावायचा नाही. पुराच्या भीतीने सगळे वरच्या फळीवर. (सावित्रीचं पाणी घरात शिरलं त्या वर्षी मी आधी साबण माळ्यावर नेले आणि मग काकीचा मिक्सर न्यायला खाली आलो, तोवर मिक्सर तरंगायला लागला होता. हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.) त्या सगळ्यांत वरचा मान चंद्रविलासचा. लाकडी वाडगी, झाकणावर पिवळा कागद, त्यावर अर्ध्या गालाला फेस लावलेल्या, फेटेवाल्या गृहस्थाचं चित्र, आणि कागदावरची पट्टी न फाटलेली. ती कंपनी कधीच बुडाली. मी तो साबण कधी उघडला नव्हता. महिन्यातून एकदा खाली काढायचा, कागदावरूनच वास घ्यायचा, पुन्हा वर ठेवायचा.

दादा मार्गशीर्षात पडला. गावच्या घरात एकटाच होता, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि पोलादपूरच्या दवाखान्यातून मी त्याला तडक महाडला घेऊन आलो, इथवर तुला माहीत आहे. तुला जे आम्ही सांगितलं नाही ते असं, की तो नुसता बसून असायचा. भात भरवला तर खायचा, उठवला तर उठायचा. शेतावर कोण जातंय, म्हशीचं काय झालं, काही विचारायचा नाही. तुझा फोन आला की ‘हां, हां’ करायचा आणि फोन ठेवला की पुन्हा भिंतीकडे बघायचा. मी संध्याकाळी एकेक साबण खाली काढून त्याला दाखवत असे, अगदी लहान पोराला चित्रं दाखवावीत तसे. तो बघायचा, पण तो साबणाकडे बघतोय की माझ्या हातापलीकडे, हे कळायचं नाही. आणि दाढी करू द्यायचा नाही. मी बाजारातून न्हावी घरी आणला. त्याने डब्याचं डोकं दाबून दादाच्या गालावर फुस्स करून पांढरा गोळा सोडला. आजारपणात दादा पहिलं पूर्ण वाक्य बोलला ते त्या वेळी. ‘आन्या, ह्यो मानूस माज्यावर थुकला.’ न्हावी पुन्हा आला नाही. मी करतो म्हटलं तर डावा हात उचलून माझं मनगट धरायचा. धाकट्या भावाकडून दाढी करून घेणं त्याला नको होतं, एवढं मला समजलं, म्हणून मी नाद सोडला.

दाढी वाढली. महाशिवरात्रीला वीरेश्वराला नेलं, म्हटलं तेवढाच वारा लागेल. देवळाच्या पायरीशी त्याला बसवून मी चपला ठेवायला गेलो. परत येतो तर पुण्याकडच्या एक बाई त्याच्या पायावर डोकं ठेवून मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारत होत्या. दादा वाकड्या तोंडाने म्हणाला, ‘आदी पोरीला इचार, तिच्या मनात हाय का.’ बाई रडायला लागल्या, म्हणाल्या, महाराज, तुम्ही ओळखलंत. मी दादाला उचलून रिक्षात घातलं. वाटेत मला हसू आवरेना, पण तो हसला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, ‘घरी चल रे.’ मग माझंही हसू गेलं.

वैशाखात तुडीलला तुझ्या मामांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दादाला म्हटलं, चल. तो म्हणाला, ‘या तोंडानं सासुरवाडीला येऊ?’ तो आला नाही. सूनबाई अपेक्षा घरी होती, तिला सांगून मी आणि काकी गेलो. जेवून परतलो तेव्हा उन्हं कलली होती. ओटीवर खुर्चीत दादा बसलेला. दाढी नाही. म्हणजे बहुतेक नाही. गालावर, हनुवटीवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवलेले, कपट्यांच्या मधोमध रक्ताचे ठिपके, मिशीची एक बाजू शाबूत आणि दुसरी निम्मी गेलेली. शेजारी माझा ब्रश, माझा वस्तरा आणि चंद्रविलास. उघडा. पिवळा कागद फाडून बाजूला ठेवलेला, फेटेवाल्या गृहस्थाच्या चित्राचे दोन तुकडे. (अपेक्षा दुपारी जरा लवंडली होती. तेवढ्या वेळात ज्या माणसाला पाय उचलून उंबरा ओलांडता येत नव्हता तो स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा साबण खाली घेऊन आला होता. कसा, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. डॉक्टरांनाही पटलं नाही.)

निशिगंधा, मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? सुरुवातीला मी साबणासाठी रडलो. दादाला वाटलं त्याच्यासाठी. त्याने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, ‘येड्या, रडतोस काय? मेलो नाय मी. दाढी केलीय.’ तो हात ओला होता आणि त्याला चंदन, कापूर आणि लिंबू यांचा वास येत होता. त्यापुढचं रडणं मात्र त्याच्यासाठीच होतं.

हाच का काढलास, असं मी रात्रीच्या जेवणाला विचारलं. त्याने आधी ताटातला भात संपवला. मग सांगितलं. त्याच्या लग्नात त्याच्या मित्राने मुंबईहून चंद्रविलास आणला होता आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्याच साबणाने दाढी झाली. वरात घरी आली, सगळे आपापल्या गडबडीत, आणि तुझी आई माजघरात कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. दोघांनी एकमेकांचा आवाज तोवर ऐकलेला नव्हता. दादा पाणी प्यायला आत गेला तर तिने मान वर न करता विचारलं, ‘वास कसला येतो?’ आणि दादा म्हणाला, ‘साबनाचा.’ तेवढंच. ‘मंग?’ असं काकीने विचारलं. ‘मंग काय? तिला आवडला. संपेस्तवर वापरला. पुढं भेटला नाय.’ तू दुसरीत असताना तुझी आई गेली, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत दादा तिच्याबद्दल माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी या घरात तो साबण फळीवर ठेवून वरून वास घेत होतो, आणि तो खाली बसून काहीच विचारत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हाक मारली आणि उरलेल्या मिशीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून रोज. ओटीवर दोन खुर्च्या, गरम पाण्याचा तांब्या, तुरटी. जुना साबण फार कोरडा असतो, त्याच्यावर आधी थोडं पाणी ठेवून त्याला पिऊ द्यावं लागतं, मग ब्रश फिरवायचा. हे थांबणं दादाला आवडायचं. त्या वेळात तो बोलायचा. पहिल्यांदा म्हशीचं विचारलं, मग शेताचं, मग तुझं. तुला आठवा लागल्यावर फोनवर तू त्याच्याशी किती वेळ बोललीस, आणि तो तुला कशी उत्तरं देत होता, हे तुलाच आठवत असेल. तो फरक कशाने पडला ते तुला आम्ही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण. मी मान हलवली.

आता साबण वापरला की संपतो, हे मला माहीत होतं, पण असं समोर बघायची सवय नव्हती. मधोमध खळगा पडायला लागला तसा मी तो रोज बोटाने मापायला लागलो. दुसरा चंद्रविलास शोधायचा असं ठरवून मी पोलादपुरात एकेक जुना दुकानदार गाठला. त्यातले महादूशेट म्हणाले, आंबेनळी घाटाच्या वाटेवर वाडीत चांगूचं दुकान होतं, त्याच्याकडे असल्या डब्या बघितल्यात. श्रावणात पाऊस जरा उघडला तेव्हा महाबळेश्वरच्या एसटीने निघालो. कंडक्टरला वाडीचा फाटा माहीत नव्हता, मला फाटा आठवत होता पण धुक्यात दिसला नाही, आणि आम्ही दोघांनी मिळून मला पार घाटात नेऊन उतरवलं. तिथून चालत खाली आलो. एका वळणावर माकडांनी पिशवी ओढून नेली, त्यात काकीने दिलेली भाकरी आणि माझं चष्म्याचं घर होतं. (भाकरी खाल्ली. चष्म्याचं घर थोडा वेळ उघडझाप करून फेकून दिलं.) चांगूचं दुकान कधीच बंद झालेलं, पण म्हातारा घरी होता. साबणाचं नाव सांगितलं तर आत गेला आणि खरंच तीच लाकडी वाडगी घेऊन आला, झाकणावर तोच फेटेवाला गृहस्थ. ‘हीच ना डबी?’ म्हणाला. मी त्याचे हात धरले. उघडून बघितलं नाही. दादासमोर उघडायची होती.

सकाळी उघडली. साबण पिवळट होता, मऊ होता, पण मी म्हटलं, वाडीतली दमट हवा. पाणी घातलं, ब्रश फिरवला, फेस येईना. म्हटलं, म्हातारा साबण आहे, वेळ घेतो. तसाच दादाच्या गालाला चोपडला. दादा डोळे मिटून बसला होता, त्याने एकदा नाक फेंदारलं. ‘आन्या, ह्यो साबन नाय.’ मी म्हटलं, दादा, जुना झालाय. तो म्हणाला, ‘आन्या, ह्यो आपल्या ढवळ्याचा वास हाय.’ बैलाच्या खांद्याला जू लागून जखम होते ना, त्यावर लावायचं मलम होतं ते. चांगूच्या घरी कोणी रिकाम्या वाडगीत भरून ठेवलं होतं. गाल चुरचुरायला लागले, मी पाणी आणायला धावलो, घसरलो, तांब्या काकीच्या पायावर, आणि मागून आवाज आला तो दादाच्या हसण्याचा. पडल्यापासून तो पहिल्यांदा हसला. तोंड वाकडं असल्यामुळे हसणं अर्ध्याच चेहऱ्यावर उमटायचं, पण आवाज पूर्वीचा होता, शेतातून घरापर्यंत ऐकू यायचा तो. ‘आता जू आन,’ म्हणाला, ‘नांगर धरू दोगं.’ मी ती डबी ठेवली आहे. ती माझ्या संग्रहात आहे.

गणपतीत तुझी मुलगी झाली. दादाला फोटो दाखवला, त्याने मोबाईल डाव्या हातात धरला तो अपेक्षाला परत घेता येईना. दवाखान्यातून घरी आलात की व्हिडिओ कॉल करते असं तू म्हणालीस. त्या दिवशी तो पहाटेच उठून ओटीवर येऊन बसला. काकीने धुतलेला सदरा घातलेला. मला म्हणाला, ‘घाई करू नको रे आज. मिशी नीट बशीव. नातीला भेटायचं हाय.’ मी साबणाला पाणी पाजलं, फेस काढला, त्याच्या तोंडाला लावला. पाणी निवलं होतं म्हणून तांब्या घेऊन आत गेलो. काकीने दूध उतू जात होतं ते उतरवलं आणि मला पाणी दिलं, तेवढाच वेळ. बाहेर आलो तर त्याने मान मागे टेकली होती, गळ्याखालची दाढी करताना टेकायचा तशीच. मी गळ्याखालून सुरुवात केली. मग उजवा गाल. तो जरा वर ओढून घ्यावा लागायचा, तसा घेतला. मग डाव्या गालाशी आलो. दाढी करताना तो डावा गाल आतून जिभेने फुगवून धरायचा, रोज, मला सांगावं लागायचं नाही. त्या दिवशी गाल फुगला नाही. मी थांबलो. ‘दादा,’ म्हटलं. मग पुन्हा म्हटलं.

तेवढ्यात तुझा फोन आला. अपेक्षाचा मोबाईल खिडकीत वाजत होता. काकी बाहेर आली, तिने दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, ‘अहो...’ मी म्हटलं, एक गाल राहिलाय. तिने खाली बसून तांब्या धरला. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्या दिवशी फोन का उचलला नाही, असं तू नंतर सगळ्यांना विचारलंस आणि सगळ्यांनी तुला गोंधळ होता म्हणून सांगितलं. गोंधळ नव्हता. घर अगदी शांत होतं. मी डावा गाल केला, मिशी बसवली, चेहरा पुसला. तुरटी लावायची गरज पडली नाही. मग अपेक्षाने तुला फोन लावला.

तू निघू शकत नव्हतीस. इतक्या दिवसांच्या बाळाला घेऊन कुठे निघणार होतीस? याबद्दल मनाला काही लावून घेऊ नकोस, हे मी काका म्हणून सांगतो आणि यात वाद नको. अपेक्षाने मोबाईलवर तुला त्याचं दर्शन घडवलं तेव्हा तू रडता रडता म्हणालीस, ‘बाबा किती नीटनेटके दिसतायत.’ मला ते आतल्या खोलीत ऐकू आलं. त्यानंतर मला दोन्ही वेळचं जेवण गेलं. दादाला मुलगा नाही, म्हणून अग्नी मी दिला आणि दहाव्याला नदीवर मुंडनही माझंच झालं. तिथल्या न्हाव्याने माझ्या डोक्यावर डब्यातून फुस्स केलं. मी काही बोललो नाही. बोलायचं होतं ते दादाने आधीच बोलून ठेवलं होतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाबा शेवटी तोंडभर फेस लावून बसले होते, सदरा धुतलेला होता, घाईत नव्हते, आणि तुझ्या मुलीची वाट बघत होते. मी ‘बरे होते’ म्हणालो ते चूक नव्हतं, अपुरं होतं.

बाळाची दृष्ट काढत जा. जावईबापूंना पुन्हा नमस्कार.

तुझा,
अनिलकाका

ता. क. - आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. अपेक्षाच्या तोंडून परवा या साबणाचं थोडंसं तुझ्या कानावर गेलं, आणि तू तिला म्हणालीस म्हणे, की बाबांची ती साबणाची वाडगी मला हवी, आईबाबांचा वास तेवढाच राहिलाय. बाळा, कपाट तुझं आहे. वाळ्याचे ने, चंदनाचे ने, बैलाचं मलम ने. ती वाडगी मागू नकोस. तिच्यात आता नाण्याएवढी चकती उरली आहे. मी दाढी दुसऱ्याच साबणाने करतो. चंद्रविलासवर रोज सकाळी ओला ब्रश एकदा फिरवतो, वास आला की ठेवून देतो. दुसरी खुर्ची ओटीवर तशीच आहे, काकी आत घेऊ म्हणते, मी अजून घेतलेली नाही. एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

ता. क. पुन्हा - पत्र बंद करण्याआधी काकीने वाचलं. ती डोळे पुसत म्हणाली, ‘लाज वाटत नाय? पोरीच्या आईबापाची वस्तू, आणि तुम्ही तिलाच नको म्हणता?’ मग मी ओटीवर जाऊन बसून आलो. काकीचं बरोबर आहे. वाडगी तुझी. पण टपालाने पाठवणार नाही, आणि मस्कतला जाणाऱ्या कोणाच्या बॅगेतही देणार नाही, तुला स्वतःला यावं लागेल, मुलीला घेऊन. आजपासून ब्रश फिरवणं बंद केलं आहे. फक्त आलीस की लगेच मागू नकोस. चार दिवस राहा, मग माग.